विक्रीतला वाटा: कॉफी भाजण्याचा छोटा धंदा आणि देण्याचा हिशेब

भट्टीवाला (धागाकर्ता)

मागे फिल्टर कॉफीच्या गप्पांमध्ये मी सहज लिहून गेलो, की आमच्या प्रत्येक पाकिटामागे पंचवीस रुपये एका अभ्यासिकेला जातात. त्यावर एवढे व्यनि (खासगी निरोप) आले की वेगळा धागाच काढतोय. शिवाय मलाही एक गोष्ट विचारायची आहे, ती शेवटी.

आधी धंदा काय ते. पुण्यात नऱ्ह्याच्या बाजूला एक शेड, त्यात ५ किलोचं ड्रम रोस्टर, म्हणजे कॉफी भाजायचं मशीन. भाजायला मी, हिशेब आणि ऑर्डरी बायकोकडे, पॅकिंगला दोघीजणी. कच्ची, म्हणजे न भाजलेली कॉफी कर्नाटकातल्या चिकमगळूर आणि कोडगूहून येते. अरेबिका आणि रोबस्टा हे तिचे दोन मुख्य प्रकार. अरेबिकात बहुतेक एस ७९५ वाणाची, थोडी चंद्रगिरी वाणाची, आणि मिश्रणासाठी धुतलेली रोबस्टा. गिऱ्हाइकं दोन जातीची: घरी दळून पिणारी मंडळी, जी २५० ग्रॅमची पाकिटं घेतात, आणि हॉटेलं, ज्यांना ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) असं मिश्रण लागतं. मिरवायला पहिली, शेडचं भाडं भरायला दुसरी.

आता पाकिटाचा हिशेब उघड मांडतो. किंमत ५२५. त्यात ५ टक्के जीएसटी, म्हणजे माझ्या हातात ५००. कच्ची कॉफी ७०० रुपये किलो धरा. भाजताना १५ टक्के वजन उडतं, गडद भाजली तर आणखी. म्हणजे पाकिटात २०६ रुपयांचा कच्चा माल गेला. पिशवी, व्हॉल्व्ह, लेबल मिळून २४. कुरिअर ६०. गॅस-वीज १०. ऑनलाइन पैसे घेण्याचं कमिशन १०. राहिले १९०. भाडं, पगार, मशीनचा हप्ता, फुकट वाटलेली सॅम्पलं, बिघडलेला घाणा यांचा वाटा १३०. उरले ६०. त्या साठातले २५ बाहेर जातात. गिऱ्हाइकाला ते विक्रीचे ५ टक्के दिसतात. आमच्या वहीत ते नफ्याच्या चाळीस टक्क्यांच्या वर आहेत.

नफ्यातून का देत नाही, असं पुष्कळांनी विचारलं. नफा किती दाखवायचा हे मालकाच्या हातात असतं. गाडीचं पेट्रोल कुठे टाकायचं, बायकोचा पगार किती लावायचा, घसारा किती धरायचा, सगळं मीच ठरवणार. वर्षाअखेरीस ‘यंदा काही उरलं नाही हो’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? पाकीट विकलं गेलं की नाही, यात मात्र लपवाछपवी नाही.

टक्क्याऐवजी ठोक रुपये ठेवले त्याचं कारण बाजारभाव. २०१९ मध्ये न्यूयॉर्कचा अरेबिकाचा वायदा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव) पौंडाला १ डॉलरच्या खाली होता. २०२५ च्या फेब्रुवारीत तो ४ डॉलरच्या वर गेला. ब्राझीलमध्ये पाऊस नाही आणि नऱ्ह्यात माझी झोप उडालेली. कच्चा माल ४०० वरून ७०० वर गेला की पाकिटामागे ८८ रुपये वाढतात. किंमत मात्र तेवढी वाढवता येत नाही, मी ६० च वाढवली. अशा वेळी विक्रीवर टक्का लावला तर नफा आटतो आणि देणं फुगतं. ठोक रकमेला ही भानगड नाही.

महिन्याला साधारण चारशे पाकिटं जातात, म्हणजे दहा हजार रुपये. अभ्यासिका वस्तीतली आहे. घरात दहा बाय दहाची खोली आणि टीव्ही चालू, अशी दहावी-बारावीची मुलं रात्री तिथे बसतात. भाडं आणि वीजबिल एवढ्यात भागतं. मोठ्या संस्थेला दहा हजार म्हणजे दर्या में खसखस. इथे पूर्ण बिल निघतं, आणि मी थांबलो तर कुलूप लागेल हे मला ठाऊक असतं.

आता प्रश्न. हॉटेलच्या मालावर अजून काहीच देत नाही. तिथे किलोमागे चाळीस-पन्नास रुपये सुटतात, तेही उधारी वसूल झाली तर. येत्या एप्रिलपासून त्यावरही काही ठेवावं का? किती?

चहाबाज

म्हणजे मी इतकी वर्षं चहा पिऊन समाजाचं नुकसान करतोय तर.

बाकी हिशेब उघड्यावर मांडल्याबद्दल मानलं. आमच्याकडे वडापाववालासुद्धा नफा विचारला की आकाशाकडे बघतो.

शंकासूर

कडू लिहितो, राग मानू नका. ही जाहिरात आहे. पाकिटावर ‘यातले पंचवीस रुपये अभ्यासिकेला’ छापलं की ५२५ ची कॉफी घेताना गिऱ्हाइकाला अपराधी वाटत नाही. द्यायचंच आहे तर गुपचूप द्या ना. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात.

भट्टीवाला

@शंकासूर, राग कसला? आहेच जाहिरात. त्या ओळीमुळे काही पाकिटं जास्त खपतात, आणि नाही म्हणालो तर खोटं ठरेल.

पण गुपचूप दिलं तर थांबवणंही गुपचूप होतं. पाकिटावर छापल्यामुळे गेल्या वर्षी भाव चढले तेव्हा हात आखडता घ्यायची सोय उरली नव्हती. पावती दर महिन्याला शेडच्या दारावर लावतो. शुक्रवारी कॉफी न्यायला येणारे एक आजोबा ती चष्मा वर करून वाचतात, आणि मागच्या महिन्याची आकडेवारी मला तोंडपाठ म्हणून दाखवतात.

हिशेबनीस

व्यवसायाने सीए, म्हणून रुक्ष बोलतो.

एक, जीएसटी पूर्ण किमतीवर लागतो. त्यातले २५ पुढे कुणाला दिले म्हणून करपात्र रक्कम कमी होत नाही. तुम्ही तसंच धरलंय, बरोबर आहे. दोन, मालकी तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर ही देणगी तुमच्या वैयक्तिक विवरणपत्रात येईल. ज्याला आपण सगळे ८०जी म्हणतो ती वजावट बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्मी मिळते, तीही मर्यादेत, आणि जुनी करप्रणाली घेतली असेल तरच. नवी घेतली असेल तर विसरा. तीन, दोन हजारांच्या वरची रोख देणगी वजावटीला चालत नाही, त्यामुळे बँकेतूनच द्या आणि संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. चार, तीच रक्कम एकदा जाहिरात खर्चात आणि पुन्हा देणगीत धरायची नाही. हसू नका, असे लोक येतात माझ्याकडे.

सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांवरच्या समाजकार्याच्या सक्तीच्या खर्चाचा बडगा तुम्हाला लागू नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात ५०० कोटी नक्त मालमत्ता, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यांतलं काहीतरी लागतं. तिथे पोचलात की कळवा, फी वाढवतो.

मलनाडकर

मी मूळचा बेळगावचा. नोकरीनिमित्त चिकमगळूर जिल्ह्यातल्या मुडिगेरे भागात कॉफी मळ्यांचे हिशेब लिहितो, म्हणून दुसऱ्या टोकाकडून लिहितो.

धागा वाचून बरं वाटलं, पण तुम्ही सगळे पुण्यातल्या पंचवीस रुपयांवर बोलताय. इकडे पैशापेक्षा पैसा कधी येतो हे जास्त नडतं. अरेबिकाची तोडणी साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, रोबस्टाची त्यामागोमाग. मजूर आता गावातले उरले नाहीत, आसाम-झारखंडकडून टोळ्या येतात. त्यांची मजुरी आठवड्याला, रोख. लालबुंद पिकलेलीच चेरी (कॉफीचं फळ) पाहिजे म्हणालात तर एकाच झाडावर तीन-चार फेऱ्या कराव्या लागतात, एकदाच ओरबाडून चालत नाही. म्हणजे मजुरी आणखी वाढते. आणि मळेवाल्याच्या हातात पैसे कधी? माल वाळवून, क्युरिंगला (टरफल काढून बी साफ करायला) जाऊन, प्रतवारी होऊन. तोवर मार्च उजाडतो, कधी एप्रिल.

मधले महिने छोटा मळेवाला एजंटकडून उचल घेतो, आणि उचल देताना एजंट भाव बांधून घेतो. वायदा चढला की वरची मलई त्याची. आपल्या देशातले बहुसंख्य कॉफी उत्पादक छोटेच, पाच-दहा एकरवाले. पांढऱ्या खोडकिड्याने झाड धरलं तर ते उपटून जाळावं लागतं, नवीन लावलं की तीन-चार वर्षं उत्पन्न शून्य. मार्च-एप्रिलात फुलोऱ्याचा पाऊस वेळेवर झाला नाही तर पुढच्या वर्षाचं पीक तिथेच बसतं.

तर माझं म्हणणं असं, की तुमच्यासारख्या रोस्टरवाल्याने डिसेंबरातच निम्मे पैसे दिले तर ते कुठल्याही दानापेक्षा मोठं काम आहे. आणि त्याला दान म्हणू नका.

अजून एक. काही रोस्टरवाले ‘मळ्यातल्या पाळणाघराला मदत’ असं अभिमानाने छापतात. मळा मोठा असेल तर पाळणाघर, घरं, औषधपाणी ही मालकावर १९५१ च्या मळेकामगार कायद्यापासूनची जबाबदारी. ती तुमच्या गिऱ्हाइकाने का उचलायची? मालक खूश होतो, तेवढेच त्याचे वाचले.

रानवेडी

मलनाडकर, +१००. पाळणाघराचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता.

मी जीवशास्त्राची, म्हणून सावलीबद्दल बोलते. आपली कॉफी जगात वेगळी आहे ती झाडांच्या सावलीत वाढते म्हणून. पण देशी झाडं जाऊन तिथे सिल्व्हर ओक येतोय. सरळ वाढतो, मिरीचा वेल झकास चढतो आणि तोडायला परवानगीची कटकट कमी. मळा हिरवागारच दिसतो, फक्त पक्षी आणि फुलपाखरं कमी होतात. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा आदिवासी शेतकऱ्यांबरोबर ब्लॅक बाझा कॉफी या कंपनीने याच अंगाने काम केलंय, खरेदीच झाडं राखण्याशी जोडलेली. तुम्हीही वाटा तिकडे वळवावा असं सुचवते.

भट्टीवाला

@मलनाडकर, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून शेडमध्ये लावतोय.

उचल आम्ही देतो, पण सगळ्यांना नाही. दोघा मळेवाल्यांशी ठरलेलं आहे: तोडणी सुरू व्हायच्या आधी अंदाजे मालाच्या निम्मे पैसे, उरलेले माल शेडला लागल्यावर. भाव बांधून घेत नाही. तळाचा आकडा ठरवतो आणि बाजार वर गेला तर बाजारभाव. यात आमचं भांडवल तीन-चार महिने अडकतं आणि त्याचं व्याज बसतं. ते व्याज मी देण्याच्या हिशेबात धरत नाही. तो मालाचा खर्च आहे. उचल घेणाऱ्याने पहिल्या फेरीची अर्धी-कच्ची चेरी माझ्या पोत्यात घालायची नाही, एवढी तरी खात्री मिळते. कच्ची असताना तोडलेली बी भाजल्यावर फिकट पिवळीच राहते, सगळ्या तपकिरीत उठून दिसते. आमच्या पॅकिंगवाल्या ताई ती एकेक वेचून काढतात. एवढं वेचूनही दोन-चार राहिल्याच तर अख्ख्या कपाला शेंगदाण्याच्या टरफलाची चव येते.

@रानवेडी, पटतं, पण वाटा वळवणार नाही. झाडं राखणाऱ्या मळेवाल्याचा माल चार पैसे जास्त देऊन घ्यावा, तो मार्ग मला बरा वाटतो. अभ्यासिकेचं भाडं दर महिन्याला पाच तारखेला द्यायचं असतं. दर वर्षी नवा विषय धरला तर कुठेच धड काही उभं राहत नाही.

नवशिका_रोस्टर

दादा, मलाही हे सुरू करायचं आहे. घरी लोखंडी कढईत भाजून पाहिली, बाहेरून काळी आणि आतून कच्ची. मशीन घ्यायच्या आधी काय शिकावं? आणि पहिल्या दिवसापासून वाटा ठेवावा का?

भट्टीवाला

@नवशिका, कढईत ढवळणं थांबलं की करपते, म्हणून तसं होतं. आधी एखाद्या रोस्टरवाल्याकडे महिनाभर उभा राहा, फुकट.

मशीनवर काय होतं ते थोडक्यात सांगतो. ड्रम २०० अंशांच्या आसपास तापवून चार किलो हिरवी बी आत सोडली की तापमानाचा काटा झपकन खाली येतो, मग हळूहळू चढायला लागतो. पहिली चार-पाच मिनिटं नुसतं पाणी उडतं, वास ओल्या गवताचा. १५० च्या पुढे बी पिवळी पडते आणि भाजलेल्या पावासारखा वास सुटतो. तिथून पुढे नाक आणि कान उघडे ठेवायचे. २०० च्या अलीकडे पलीकडे पहिली तडतड, लाह्या फुटल्यासारखी. फिल्टरसाठी तडतड सुरू झाल्यावर दीड-दोन मिनिटांत काढतो, हॉटेलच्या मिश्रणाला त्याहून पुढे नेतो. काढल्यावर थंड करायच्या ताटात चार मिनिटांच्या आत हात लावता आला पाहिजे, नाहीतर बी स्वतःच्याच उष्णतेने आतून भाजत राहते. पॅकिंग लगेच घट्ट करायचं नाही, कारण आतून कार्बन डायऑक्साइड निघत असतो. पिशवीला तो एकमार्गी व्हॉल्व्ह त्यासाठीच.

पुस्तकात न सापडणाऱ्या दोन गोष्टी. एक धूर. रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावर मशीन लावू नकोस, पहिल्या आठवड्याला सोसायटीची नोटीस येईल. दुसरी सालपटं. बीवरचं चंदेरी पापुद्र्याचं साल उडून सायक्लोनमध्ये (साल गोळा करणाऱ्या नळकांड्यात) साठतं, ते रोज साफ केलं नाही तर ठिणगीने पेट घेतं. आमचं साल शेजारचा नर्सरीवाला खतात घालायला नेतो.

एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी विक्रीच्या आधी. चिकोरी घालणार असशील तर पाकिटावर तिचं प्रमाण छापावंच लागतं, आणि मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी. वाटा पहिल्या दिवसापासून ठेव, पण पाकिटामागे दोन रुपये का होईना, असा ठेव की मशीनचा हप्ता थकणार नाही. आधी स्वतःचा पगार लाव. मालक फुकट राबतोय आणि देणगी जातेय, असा धंदा दुसऱ्या दिवाळीपर्यंत टिकत नाही, मी आजूबाजूला पाहिलाय.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या चिखलदऱ्याची कॉफी काहून नाही घेत भाऊ? महाराष्ट्राची कॉफी म्हणजे तीच ना!

भट्टीवाला

@वऱ्हाडी_ठेचा, घेतली होती हौसेने, चव छान सौम्य. पण वर्षभर पुरेल एवढी आणि पोत्यागणिक एकसारखी मिळणं जमलं नाही. कुणी तिकडे नीट प्रतवारी करून देणार असेल तर मी पहिला गिऱ्हाईक.

बे_एरियाकर

इकडे अमेरिकेत हे प्रकार जुने आहेत. विक्रीचा एक टक्का पर्यावरणाला देणाऱ्या कंपन्यांचं ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ २००२ चं. उलट टोक म्हणजे न्यूमन्स ओन ही खाद्यपदार्थांची कंपनी, १९८२ पासून सगळाच नफा दान. तीही पद्धत चाललीच की, म्हणून नफ्यावर देणाऱ्यांना सरसकट बनवाबनवी म्हणू नये. पण त्यांच्यामागे प्रसिद्ध नटाचं नाव होतं आणि सगळ्यांची नजरही.

कॉफीत मला आवडलेलं उदाहरण युगांडातलं, म्बाले गावाजवळचं. तिथे ज्यू, मुसलमान आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांनी २००४ मध्ये मिळून सहकारी संस्था काढली, आणि कॅलिफोर्नियातल्या थँक्सगिव्हिंग कॉफीने त्यांची कॉफी भाजून विकली. तिथेही मुख्य गोष्ट बऱ्या भावाची खरेदी हीच होती.

फेअरट्रेड, म्हणजे शेतकऱ्याला किमान भावाची हमी देणारी व्यवस्था; तिचा तळभाव धुतलेल्या अरेबिकाला २०२३ मध्ये पौंडाला १.८० डॉलर ठरला, वर २० सेंट सामुदायिक कामांसाठी. बाजार ४ डॉलरवर असताना त्या तळभावाला कोण विचारतं? पण बाजार १ डॉलरवर आला की तोच आधार.

इथून अभ्यासिकेला थेट पैसे पाठवता येतील का?

भट्टीवाला

@बे_एरियाकर, पासपोर्ट कुठला यावर आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी विदेशी अंशदानात मोडते, त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. ती या छोट्या संस्थेकडे नाही. आई-बाबा पुण्यात असतील तर त्यांना दोन पाकिटं घ्यायला सांगा, तेवढं पुष्कळ.

कामतकाका_डोंबिवली

मी हॉटेलवाला. धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो.

किलोला दहा-पंधरा रुपये वाढवून ‘हे सत्कार्याला’ म्हणालास तर मी दुसऱ्याकडे जाईन, सरळ सांगतो. आमच्याकडे दूध वाढलं, गॅस वाढला, आणि कॉफीचा कप पाच रुपयांनी वाढवला तर रोजची गिऱ्हाइकं पाटीकडे बोट दाखवतात. पण तुझ्या चाळीसातले पाच तू दे, पाच मी माझ्या खिशातून देतो. मालाचा भाव तोच राहू दे. फक्त गल्ल्यापाशी एक छोटी पाटी लावू दे, म्हणजे शंकासूर म्हणतात ती जाहिरात मलाही मिळेल. आणि पैसे उधारी वसूल झाल्यावर मोज, बिल फाडल्यावर नको. आमच्या धंद्यातली बिलं आणि पैसे यांची गाठ कधी पडेल सांगता येत नाही.

शंकासूर

कामतकाका, तुम्ही माझ्या वाक्याचा धंदा केलात. हे मात्र आवडलं.

हिशेबनीस

काकांचे पाच त्यांनी थेट संस्थेला द्यावेत, भट्टीवाल्यांच्या खात्यातून फिरवू नयेत. नाहीतर पावती कुणाच्या नावाने यावरून मार्चमध्ये मला फोन येतील.

मलनाडकर

हॉटेलच्या मिश्रणात रोबस्टा किती? त्या रोबस्टावाल्याला उचल मिळते का?

भट्टीवाला

@मलनाडकर, कॉफीच्या भागात निम्मी रोबस्टा. तिची उचल आजवर दिलेली नाही, ती व्यापाऱ्याकडून पोत्यावर घेतो. इथलं सगळं वाचून त्यावरच बायकोशी बोललो. तर ठरलं असं: एप्रिलपासून हॉटेलच्या मालावर वसूल झालेल्या किलोमागे पाच रुपये अभ्यासिकेला. काकांसारखे कुणी आपले पाच घालणार असतील तर त्यांनी थेट द्यावेत, पाटी मी छापून देतो. रोबस्टासाठी पुढच्या तोडणीपूर्वी एका छोट्या मळेवाल्याशी उचलीचा व्यवहार करून बघायचा, सुरुवातीला दहा पोती. तुमच्या ओळखीत मुडिगेरे-सकलेशपूर पट्ट्यात कुणी असेल तर व्यनि करा. माल वाळवायला पक्कं अंगण असावं, मातीवर वाळवलेला नको.

@कामतकाका, पाटी मराठीत की कन्नडही हवी?

कामतकाका_डोंबिवली

दोन्ही. आणि अक्षर मोठं ठेव, गल्ल्यावर मी बसतो, चष्मा घरी असतो.